ती फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आहे

डॅलसहून तू पाठवलेले फोटो पाहिले, मोठे करकरून पाहिले. कोल्टची जुनी कोब्रा आणि शेजारी स्मिथ अँड वेसनची एअरवेट, दोन्ही रिव्हॉल्व्हर. खाली तू लिहिलंस, ‘सर, दोन्ही चकाचक केली.’ शाबासकीची वाट पाहत असशील तर ती मिळणार नाही.

काय चकाचक केलंस? कोब्राच्या फ्रेमवरचं काळं तुला मळकट वाटलं. तो अ‍ॅनोडायझिंगचा थर होता. वर्कशॉपमध्ये मी तुमच्यासमोर तो थर चढवून दाखवला होता. केसापेक्षा पातळ, पण खालच्या धातूपेक्षा कितीतरी कडक. देवाची तांब्याची भांडी चिंच लावून घासावीत तशी तू ती फ्रेम पॉलिशच्या पेस्टनं घासलीस. कडांवरचा थर उडालाय, फोटोत स्वच्छ दिसतंय. आता हाताच्या घामातलं मीठ थेट उघड्या धातूला लागणार आणि जिथे पोलादी स्क्रू अ‍ॅल्युमिनियमला टेकतो तिथे पांढरी पूड धरणार. त्यावर तुझा उपाय काय, तर ‘नळीबरोबर फ्रेमही गरम ब्लूइंगला देतो.’ अरे, त्या टाकीत कॉस्टिक सोडा असतो! तो अ‍ॅल्युमिनियम खातो, फसफसून हायड्रोजन सोडत खातो. टाकीतून फ्रेम निघेल, पण ती फ्रेम म्हणायच्या लायकीची राहणार नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या माणसाला हे मी सांगावं? ब्लूइंग पोलादाचं असतं. फ्रेमला हात लावायचाच असेल तर फक्त मऊ कापड आणि हलकं तेल.

तुला हत्यार जुनं म्हणून आवडलं, हलकं म्हणून आवडलं. ते हलकं कसं झालं, हे विचारायला मात्र तू विसरलास. कोल्टची डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ ची. सगळी पोलादी, वजन सुमारे २१ औंस. १९५० मध्ये तीच बांधणी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या फ्रेमवर आणली ती कोब्रा, सुमारे १५ औंस. म्हणजे जवळजवळ १७० ग्रॅम गेले, आणि ते गेले फक्त फ्रेममधून. नळी आणि सिलिंडर पोलादीच ठेवले, कारण स्फोट तिथे होतो. अमेरिकी हवाई दलाला वैमानिकांसाठी याहून हलकं हवं होतं. म्हणून १९५१ च्या सुमारास कोल्टनं एअरक्रूमन काढली. तिचा सिलिंडरही अ‍ॅल्युमिनियमचा, वजन जेमतेम ११ औंस. स्मिथ अँड वेसननंही हवाई दलासाठी तशीच बनवली. या दोन्ही हत्यारांसाठी मुद्दाम कमी दाबाचं काडतूस काढावं लागलं. तरी चुकून बाजारातलं नेहमीचं काडतूस भरलं गेलं तर सिलिंडर फुटण्याची धास्ती होतीच. अखेर हवाई दलानं त्यांतली बहुतेक मोडीत काढली. ज्यांच्याकडे कारखाने होते, इंजिनिअर होते, त्यांनी हात टेकले आणि तू कपाटात ठेवून फोटो काढतोस.

आता तुझ्या एअरवेटकडे येतो. हे मॉडेल १९५२ पासूनचं आणि सुरुवातीच्या काहींना अ‍ॅल्युमिनियमचाच सिलिंडर होता; नंतर कंपनीनं पोलादी घातला. तुझी कुठली? सिलिंडरला लोहचुंबक लावून पाहिलास? विकत घेताना पाहायला हवं होतंस, बार काढण्याआधी तर नक्कीच. चुंबक चिकटला नाही तर त्यातून एकही बार काढायचा नाही. ती वस्तू जपायची आहे, चालवायची नाही.

आणि तू काय भरलंस? ‘प्लस पी’ काडतुसांचा अख्खा डबा संपवला, असं अभिमानानं लिहितोस. नेहमीच्या पॉइंट थर्टीएट स्पेशल काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला १७,००० पौंड, त्याच्याच प्लस पीचा २०,०००. कागदावर फरक थोडा दिसतो. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम थकतात कसे, हे मी तुम्हाला आलेख काढून शिकवलं होतं. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कायम टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहानसा ताणही त्यात जमा होत राहतो. सत्तर वर्षांच्या फ्रेममध्ये आधीच्या मालकांनी किती जमा केलं ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून भिंग घे, उजेडात जा आणि नळीचे आटे फ्रेममध्ये जिथे शिरतात त्याच्या खालची बाजू बघ. फ्रेम तिथे सगळ्यात पातळ आहे आणि चीर पडते ती तिथेच. केसाएवढी रेघ दिसली तरी ती फ्रेम संपली. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नकोस.

हलक्या हत्याराला धक्काही जास्त बसतो. त्या धक्क्यानं न उडालेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर मध्येच अडकतो. पाचवा बार का अडला, असं विचारलं होतंस ना? मग अडलेला सिलिंडर तू जोर लावून फिरवलास. तुझ्या हातानं असं काम केलेलं वाचून मला लाज वाटली.

व्हिडिओही पाहिला. मनगटाचा झटका देऊन सिलिंडर आत ‘टप’कन बसवतोस, सिनेमातल्यासारखा. त्या झटक्यानं सिलिंडर धरणारा हात वाकतो, मग सिलिंडरची कोठी नळीच्या रेषेत येत नाही आणि गोळीची कड खरवडली जाते. सिलिंडर अंगठ्यानं हळू बंद करायचा. टीव्हीसमोर बसून रिकामा चाप ओढत राहायचं नाही. या जुन्या हत्यारांत पिन घोड्यावरच बसवलेली असते आणि ती तुटते. बाजूच्या प्लेटचे स्क्रू तू घरच्या पाचरीसारख्या पेचकसानं काढलेस, खाचांचे कान उडालेत. समांतर पात्याचा पेचकस खाचेला घट्ट बसवून मगच फिरवायचा, हे पहिल्या वर्षाचं काम आहे.

इथवरचं सगळं धातूचं झालं. ते कदाचित निभावेल. शेवटच्या फोटोचं मात्र निभावणार नाही. कातडी म्यानात, भरलेली, पलंगाशेजारच्या खणात. कातडं ओल धरतं, पोलादाला गंज चढतो, हे मी शांतपणे सांगितलं असतं. पण त्याच फोटोत पलंगावर तुझ्या मुलीची बाहुली आहे. सात वर्षांची आहे ना ती? सव्वाचारशे ग्रॅम तिच्या हाताला जड नाहीत. घोडा मागे ओढलेला असेल तर चापही जड नाही. अमेरिकेत असे मुलांचे हात लागून जीव गेलेले आहेत, हे तुला माझ्याहून जास्त माहीत असायला हवं. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं हत्यार सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर टेक्ससच्या कायद्यात तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. पण कायदा सोड. सूनबाईंना माहीत आहे का खणात काय आहे ते?

आणि एक. कोब्रा दाखवत पाहुण्यांना तू सांगतोस म्हणे, ‘जॅक रूबीनं ओस्वाल्डला मारलं ते हेच मॉडेल, आणि तेही आपल्याच गावात.’ २४ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसच्या पोलीस मुख्यालयाच्या तळघरात माणूस मारला गेला आणि ओस्वाल्डवर केनेडींच्या खुनाचा खटला कधी उभाच राहिला नाही. यात दिवाणखान्यात मिरवण्यासारखं काय आहे? या वस्तूची कारागिरी दाखव, धातूचा इतिहास सांग. खुनाची बढाई मारू नकोस.

हे पत्र संपताच उठ. दोन्ही हत्यारं रिकामी कर, कोठ्या बोटानं चाचपून रिकाम्या असल्याची खात्री कर. कुलुपाची पोलादी पेटी आजच आण. काडतुसं वेगळ्या कुलुपात, किल्ल्या तुझ्या खिशात. ब्लूइंगवाल्याला फोन करून काम थांबव. चुंबक लावून काय झालं आणि नळीखाली काय दिसलं ते मला आज रात्री कळव. फोटो त्या जागेचा पाठव, चकाकीचा नको.