रेघ आणि वहिवाट

30 जून 1921 या दिवशी आल्फ्रेड वॉटकिन्स नकाशा न्याहाळत होते. वय 66. जागा इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यातली, ब्लॅकवर्डाइन नावाची लहानशी वस्ती. नकाशा पाहता पाहता त्यांना त्यावर एक रेघ दिसली. ती छापलेली नव्हती. टेकड्यांचे माथे, जुन्या गढ्यांचे चर, उभे पाषाण, नदीचे उतार, जुनी देवळे एका सरळ ओळीत बसत आहेत असे त्यांना वाटले. मग दुसरी ओळ दिसली, तिसरी दिसली. एकदा दिसू लागल्यावर रेघा थांबेनात.

वॉटकिन्स हा काही हवेतला माणूस नव्हता. घरचा धंदा बिअर गाळण्याचा आणि पीठगिरणीचा, आणि त्या धंद्यापायी त्यांनी तरुणपणापासून सगळा परगणा पायाखाली घातलेला. हौस छायाचित्रणाची, तीही अशी की प्रकाश मोजण्याचे एक उपकरणच त्यांनी तयार केले आणि 1890 मध्ये त्याचे पेटंट घेतले. ज्याला आख्खा मुलूख तोंडपाठ, त्यालाच तो एका दुपारी नव्याने दिसला. लेखाचा विषय असलेला प्रश्न इथेच उभा राहतो. त्या रेघा मुलखात होत्या, की वॉटकिन्स यांच्या नजरेत?

त्यांचे स्वतःचे उत्तर साधे होते. रस्ते बांधण्याआधीच्या काळात व्यापारी आणि प्रवासी एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर नजर रोखून सरळ चालत. वाटेतल्या खुणा पुढे पवित्र झाल्या आणि ख्रिस्ती धर्म आल्यावर त्याच जागी देवळे उभी राहिली. या ओळींना त्यांनी ‘ले’ असे नाव दिले, कारण त्या वाटेवरच्या कितीतरी गावांच्या नावात हा शब्द त्यांना भेटत होता. 1922 मध्ये छोटे पुस्तक निघाले, 1925 मध्ये ‘द ओल्ड स्ट्रेट ट्रॅक’ हा मोठा ग्रंथ. त्यात वाचकांसाठी कृतीही दिलेली: नकाशा पसरा, टाचण्या टोचा, पट्टी लावा, निदान चार खुणा एका ओळीत आल्या तरच ती ओळ धरा, आणि मग बाहेर पडून प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहा.

शेवटची सूचना महत्त्वाची. लोक खरोखर बाहेर पडले. पुढे एक मंडळही निघाले. त्याचे सभासद आपापली टिपणे, नकाशे, छायाचित्रे टपालाने एकमेकांकडे फिरवीत. एकाने काढलेली ओळ दुसऱ्याने तपासायची, शेरा मारायचा, पुढे धाडायची.

पुरातत्त्वाच्या जाणकारांनी मात्र नाक मुरडले. ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकाचे संपादक क्रॉफर्ड यांनी तर या पुस्तकाची जाहिरात छापायलाही नकार दिला. पुढे 1983 मध्ये टॉम विल्यमसन आणि लिझ बेलामी यांनी सगळ्या प्रकरणाची शांतपणे झडती घेतली. त्यांचा मुद्दा असा की इंग्लंडच्या भूमीवर जुन्या खुणा इतक्या दाट आहेत की पट्टी कशीही ठेवली तरी चार-पाच खुणा तिच्या वाटेत येणारच. 2010 मध्ये मॅट पार्कर या गणितज्ञाने तर या प्रकाराची गंमतच केली. वूलवर्थ्स या बंद पडलेल्या दुकानसाखळीच्या सुमारे 800 जागा त्याने नकाशावर मांडल्या आणि त्यांतूनही थक्क करणाऱ्या सरळ ओळी आणि त्रिकोण काढून दाखवले. बादल्या नि गोळ्याबिस्किटे विकणाऱ्या दुकानांची जागा प्राचीन ऋषींनी ठरवली, असे कोणीच म्हणणार नाही.

म्हणजे वॉटकिन्स चुकले. इतिहास म्हणून त्यांचा सिद्धान्त टिकत नाही, आणि त्याबाबत मिठ्ठास बोलण्यात अर्थ नाही. पण चुकीच्या समजुतीने निघालेला माणूस योग्य जागी पोचला, तर त्याच्या चालण्याला काय म्हणायचे?

भारतीय दर्शनात या कोड्याला नाव आहे. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांनी ‘पंचदशी’च्या ध्यानदीप प्रकरणाची सुरुवातच ‘संवादी भ्रमा’पासून केली आहे. दोघांना लांबून उजेड दिसतो, दोघेही तो मणी समजून धावतात. एकाला दिसलेली प्रभा दिव्याची असते, दुसऱ्याला दिसलेली खऱ्या मण्याची. प्रभेलाच मणी समजले म्हणून चुकले दोघेही, पण दुसऱ्याच्या हाती मणी लागतो. आणखी एक उदाहरण: धुक्याला धूर समजून कोणी विस्तवाचे अनुमान करतो, आणि तिथे गेल्यावर योगायोगाने खरोखरच विस्तव मिळतो. तिसरे तर आपल्या घरचे. गोदावरीचे पाणी गंगेचे समजून अंगावर शिंपडले, तरी माणूस शुद्ध होतोच. विद्यारण्यांना यातून उपासनेचे समर्थन करायचे होते, इंग्लंडातल्या पायवाटांचे नव्हे. पण हेरफर्डशायरात धुके भरपूर, आणि उदाहरण फिट्ट बसते.

या कसोटीवर वॉटकिन्स यांचा भ्रम निम्माच संवादी ठरतो. रेघेच्या टोकाला प्राचीन मोजणीदार सापडला नाही. मात्र रेघ तपासायला निघालेल्यांना डॉर्स्टनजवळच्या कड्यावरचा आर्थर्स स्टोन भेटला, पाच हजार वर्षांहून जुनी दगडी कबर, जिच्यावरची शिळा 25 टनांहून जड असल्याचा अंदाज आहे. किलपेकचे बाराव्या शतकातले तांबड्या दगडाचे चर्च भेटले, ज्याच्या वळचणीखाली कुत्रा, ससा आणि एक निर्लज्ज बाई कोरलेली आहेत. यासाठी सरळ रेघेची गरज होती का? नव्हती. पण रेघेवाचून ती माणसे घराबाहेर पडली असती का, हे सांगणे अवघड.

1969 मध्ये जॉन मिशेल यांनी याच रेघांना पृथ्वीच्या ऊर्जेच्या वाहिन्या केले आणि गाडी भलत्याच रुळावर गेली. वॉटकिन्स यांचा ‘ले’ पायाने तपासता येत होता, चुकीचा ठरू शकत होता. ऊर्जेची वाहिनी मात्र ज्याला जाणवते त्याला जाणवते, नाही त्याची संवेदना कमी. दिव्याच्या प्रभेमागे धावणाऱ्याला निदान जवळ गेल्यावर दिवा दिसतो. या धावण्यात जवळ जाणे ही गोष्टच उरली नाही.

आता पट्टी बाजूला ठेवून पाय कुठे जातात ते पाहू. हेरफर्डशायरच्या कुठल्याही मार्गदर्शिकेची भाषा एकच असते: कुंपण डावीकडे ठेवून चाला, फाटक ओलांडा, बागेच्या कडेने ओढ्याकडे उतरा. लेडबरी, रॉस, किंग्टन, लेम्स्टर आणि ब्रॉमयार्ड ही पाच बाजारगावे जोडणारी हेरफर्डशायर ट्रेल ही 154 मैलांची फेरी अशाच वाक्यांनी बांधलेली आहे. लडलो ते किंग्टन ही 30 मैलांची मॉर्टिमर ट्रेल मध्ययुगातल्या एका बलाढ्य घराण्याचे नाव मिरवते, पण ही वाट या क्रमाने चाललेला मॉर्टिमर कोणी नव्हता. ती अलीकडे, तुकडे जोडून केली. म्हणजे मार्गदर्शिका लिहिणाराही वॉटकिन्सचाच चुलतभाऊ. खुणा निवडतो, ओळ लावतो, तिला नाव देतो. फरक एवढाच की त्याची ओळ वाकते. ती वहिवाटीवरून जाते.

वहिवाट हा मराठी शब्द इथे नेमका बसतो, कारण त्यात ‘वाट’ आहे. इंग्लंडच्या 1980 च्या महामार्ग कायद्यानुसार लोकांनी सलग 20 वर्षे हक्काने वापरलेली वाट सार्वजनिक मानली जाते, ती लोकांना खुली करण्याचा मालकाचा इरादा नव्हता हे पुराव्याने दाखवता आले नाही तर. ‘हक्काने’ म्हणजे बळजबरी न करता, लपूनछपून न जाता, आणि परवानगी न घेता. तिसरी अट खरी गोम आहे. मालक दिलदार असेल आणि ‘खुशाल जा’ म्हणाला, तर त्या चालण्यातून हक्क कधीच तयार होत नाही. म्हणून काही शहाणे मालक शेतात पाटी लावतात: इथून जायला आमची हरकत नाही, पण ही सार्वजनिक वाट नव्हे. औदार्यानेच हक्काची वाट अडवण्याचा हा प्रकार धर्मशास्त्रज्ञांनी अभ्यासावा असा आहे.

वीस वर्षांचा हा आकडा मराठी शेतकऱ्याला परका नाही. इंग्रजी कायद्याच्या साच्यातून आलेल्या 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही तो आहे, आणि बांधावरून जायच्या वाटेचे कितीतरी तंटे त्यावर लढले गेले आहेत. तिथे वाट एका शेताच्या सोयीची असते, इथे सगळ्या जनतेची. पण मुळातली कल्पना एकच: वापर आधी, हक्क मागाहून. चालणाऱ्यांनी वाट घडवली, नकाशाने तिची फक्त नोंद घेतली.

या नोंदीचा इतिहासही मजेदार आहे. 1949 च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला आपल्या हद्दीतल्या पायवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. कितीतरी वाटा त्यातून सुटल्या. 2000 च्या कायद्याने म्हटले की सुटलेल्या जुन्या वाटा 1 जानेवारी 2026 च्या आत दाखल करा, नाहीतर हक्क बुडेल. ही मुदत पुढे 2031 वर ढकलली गेली, आणि डिसेंबर 2024 मध्ये ती रद्दच करू असे सरकारने जाहीर केले. हौशी मंडळी जुने नकाशे आणि दप्तरे चाळत बसली. वॉटकिन्सच्या सभासदांसारखीच, पण या वेळी रेघेला साक्षीपुरावा लागत होता.

वाटेचा सर्वांत विचित्र प्रवासी मात्र यांपैकी कुठल्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही. 1290 मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीजवळ विल्यम क्राग नावाच्या बंडखोराला फाशी दिली गेली. फाशी देणाऱ्या जहागीरदाराची पत्नी मेरी हिने हेरफर्डचे दिवंगत बिशप टॉमस कँटिलूप यांना नवस बोलला. रिवाजाप्रमाणे क्रागच्या देहाची लांबी दोऱ्याने मोजली गेली. तेवढ्या लांबीची वात घालून मेणबत्ती संताला वाहायची. क्राग जिवंत झाला. मग ज्यांनी त्याला लटकवले त्याच जहागीरदार पतिपत्नीबरोबर, गळ्यात फास तसाच ठेवून, तो हेरफर्डला चालत गेला. 1307 मध्ये पोपच्या चौकशीमंडळासमोर त्याची जबानी नोंदवली गेली, आणि 1320 मध्ये कँटिलूप संत ठरले.

त्याची वाट ना सरळ होती ना 20 वर्षांची. तो चालला कारण टोकाला कोणीतरी आहे यावर त्याची श्रद्धा होती. 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या राजवटीने यात्रांवर गदा आणली, संतांची स्थाने मोडली. टोक गेले, वाटा राहिल्या. त्या शेतकऱ्यांच्या, पाद्र्यांच्या, गुराख्यांच्या झाल्या.

गेल्या काही वर्षांत त्या वाटांना पुन्हा टोक जोडले गेले आहे. हेरफर्ड कॅथीड्रलपासून निघून गोल्डन व्हॅली फिरून परत येणारी सुमारे 60 मैलांची यात्रावाट आखली गेली, आणि तिच्यावरची काही चर्चे चालणाऱ्यांना रात्री आत झोपू देतात. त्यांत प्रार्थना न करणारेही असतात. खोऱ्याचे नावही संवादी भ्रमाचाच नमुना, असे म्हणतात: वेल्श भाषेत ‘डूर’ म्हणजे पाणी, नॉर्मनांनी ते फ्रेंचमधले ‘दोर’ म्हणजे सोन्याचे असे ऐकले, आणि पाण्याचे खोरे सोन्याचे झाले. एप्रिल-मेमध्ये सफरचंदाच्या बागा फुललेल्या असताना त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

आर्थर्स स्टोनपाशी उभे राहून ईशान्येकडे पट्टी धरली, तर रेघ कडा उतरून ब्रेडवर्डाइनवरून थेट वाय नदीत शिरते आणि पलीकडच्या काठावर निघते. पाय तसे जाऊ शकत नाहीत. पाऊलवाट कुंपणाकुंपणाने उतरते, चर्चपाशी थबकते. तिथे रोजनिशीकार पाद्री फ्रान्सिस किल्व्हर्ट 1879 पासून विसावले आहेत, याच टेकड्या पायी तुडवून. तिथून खाली गेले की अठराव्या शतकातला विटांचा पूल लागतो, आणि नदी तिथूनच ओलांडावी लागते.