एकाच ग्रंथावरचे भांडण
अमेरिकेची राजकीय संस्कृती मतैक्यावर उभी आहे की संघर्षावर, हा वाद तिथले इतिहासकार शतकभर घालत आले आहेत. चार्ल्स बिअर्ड यांनी १९१३ मध्ये राज्यघटनेमागचे मालमत्तेचे हितसंबंध उघडे करून दाखवले आणि संघर्षाची बाजू वरचढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर पारडे फिरले. अमेरिकेत युरोपसारखी सरंजामशाही नव्हतीच, म्हणून व्यक्तिस्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरील तिच्या श्रद्धेला तोडीचा प्रतिस्पर्धी कधी मिळाला नाही, असे लुई हार्ट्झ यांनी १९५५ मध्ये मांडले. एकमत जितके अधिक तितका संघर्ष कमी, हे दोन्ही बाजू गृहीत धरतात. मला ते गृहीतकच चुकीचे वाटते. अमेरिकेतले सर्वांत उग्र झगडे मतैक्याच्या पोटातूनच जन्मले आहेत, आणि ते कसे हे समजून घ्यायला राज्यशास्त्रापेक्षा धर्माचा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

शंकराचार्य, रामानुज आणि मध्व या तिघांनाही ब्रह्मसूत्रे प्रमाण होती, आणि म्हणूनच त्यांच्यातला वाद इतका अटीतटीचा झाला. ज्याला ग्रंथच मान्य नाही तो परका. ज्याला तो मान्य आहे पण जो उलटा अर्थ लावतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. अमेरिकेत गुलामगिरीवरून १८४४-४५ मध्ये मेथॉडिस्ट आणि बाप्टिस्ट पंथ दुभंगले, तेव्हा दोन्हीकडे बायबल एकच होते. पुढे पेटलेल्या यादवी युद्धातले दोन्ही पक्ष त्याच देवाची प्रार्थना करतात, हे राष्ट्राध्यक्ष लिंकनने मार्च १८६५ मधल्या आपल्या भाषणात वेदनेने नोंदवले. त्या युद्धात एकूण सहा लाखांहून अधिक सैनिकांचा बळी गेला.

१७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना यांचेही स्थान तिथे धर्मग्रंथासारखेच आहे. गुलामगिरी नष्ट व्हावी असेच विल्यम लॉइड गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस या दोघांना वाटत होते. पण गॅरिसनने घटना हा गुलाममालकांशी केलेला करार मानला आणि ४ जुलै १८५४ ला तिची प्रत जाहीरपणे जाळली; स्वतः गुलामीतून निसटलेल्या डग्लसने मात्र तीच घटना गुलामगिरीविरुद्ध वाचता येते असे ठरवून १८५१ मध्येच त्याची साथ सोडली होती. हा वाद मला डग्लसने जिंकलेला दिसतो. सेनेका फॉल्स इथल्या स्त्रीहक्क परिषदेतल्या स्त्रियांनी १८४८ मध्ये जाहीरनाम्याचाच साचा घेऊन आपली कैफियत लिहिली, तीही याच वाटेने. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचा अर्थ इकडे महाराष्ट्रातही पोचला: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये सवाना इथे उघड सांगितले की जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनचे समतेचे तत्त्व चूक होते आणि आपले राज्य वंशभेदाच्या पायावर उभे आहे. म्हणजे मूळ श्रद्धाच नाकारणारेही होते. खरे आहे. पण त्याच राज्यांनी आपली घटना लिहिताना अमेरिकी घटनाच बहुतांशी उतरवून घेतली आणि गुलामगिरीला तेवढे स्पष्ट संरक्षण जोडले. पराभवानंतर तर स्टीफन्सनेच दोन जाडजूड खंड लिहून हे युद्ध घटनेच्या अर्थावरून झाले होते असा युक्तिवाद केला. मनातून तो बदलला असे मी मानत नाही. मात्र त्या देशात आपली बाजू टिकवायची तर त्याच ग्रंथाच्या आधाराने बोलावे लागते, हे त्याला पुरते कळले होते.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: हे मतैक्य दुबळ्यांच्या कामी येते का? चेरोकी या मूळनिवासी लोकांनी १८२७ मध्ये अमेरिकी धर्तीवर आपली लिखित घटना केली. जॉर्जिया राज्याचे कायदे त्यांच्या भूमीत चालत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८३२ मध्ये दिला. त्यांनी ग्रंथ स्वीकारला, त्याच्याच आधारे दाद मागितली आणि न्यायालयाने अखेर त्यांची बाजू उचलूनही धरली. तरी १८३८ मध्ये सैन्याने त्यांना घरांतून हुसकून पश्चिमेला हाकलले. त्या वाटेवर हजारो माणसे मेली. सामायिक श्रद्धेने त्यांना तक्रारीची भाषा दिली, संरक्षण दिले नाही. डग्लसच्या वाचनामागे पुढे लिंकनचे सैन्य उभे राहिले. चेरोकींच्या वाचनामागे कोणीच नव्हते.