निग्रह किती मिलिअँपिअर?

गिटारचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पुष्कळदा गप्प असतानाच जळायला लागतो. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. "काका, मी वाजवतही नव्हतो, नुसता चालू ठेवला होता," असं तो सांगतो, जणू निर्दोष असल्याचा पुरावाच देतोय. पण काहीही न करता बसलेल्या व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहू द्यायचा, हे ठरवणं म्हणजेच बायस लावणं. माझ्या ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी चहाला येणारे संस्कृतचे निवृत्त मास्तर आणि मी, यावरून बरेच दिवस भांडतोय. प्रश्न त्यांचा, आणि जुनाच: इंद्रियांना आवरायचं ते किती?

मार्शलमध्ये बहुधा ईएल३४ व्हॉल्व्ह असतात, फेंडरच्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये ६एल६. आत तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि ४००-४५० व्होल्टवर बसलेली प्लेट त्यांना ओढून घेते. मध्ये तारेची जाळी, ग्रिड. तिला उणे ३५ ते ५० व्होल्ट दिले की ती इलेक्ट्रॉनना मागे रेटते. उणे वाढलं की प्रवाह घटतो, हे नवशिक्याच्या डोक्यात लवकर शिरत नाही. गिटारचा सूर या उण्यावरच स्वार होतो. उणे किंचित कमी-जास्त होतं, प्लेटकडे जाणारा प्रवाह तसा झुलतो. मास्तर खूश झाले. "म्हणजे निग्रह सुराच्या आड येत नाही, तोच सुराचं आसन!" मी म्हटलं, मास्तर, थांबा, अजून अर्धंच ऐकलंत.

या अ‍ॅम्पांत व्हॉल्व्ह जोडीने राबतात. लाटेचा वरचा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने, आणि शून्यापाशी दोघांनीही थोडं जागं राहायचं. उणे फार ठेवलं की एक निजलेला आणि दुसरा अजून उठायचा असतो, आणि लाट शून्य ओलांडते तिथे खाच पडते. मोठ्याने वाजवताना ही खाच फारशी कळत नाही. हळू वाजवा, सूर विझू द्या, की त्याच्या शेपटीला खरखर लागलेली ऐकू येते. अतिनिग्रहाची खोड अशी बारीक आवाजात सापडते. निर्जळी एकादशी करून त्याच दुपारी कामवालीवर खेकसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या व्रतात खोट काढता येत नाही. खोट निघते ती दारात आलेल्याशी बोलण्यात. गीतेचा सहावा अध्याय सांगतो की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. मास्तरांना तो श्लोक तोंडपाठ. पण श्लोकात कारण दिलेलं नाही, आणि मला ते ऑसिलोस्कोपवर दिसतं.

उलट, उणे कमी पडलं तर प्लेट लाल होते. ईएल३४ ची प्लेट २५ वॅटपर्यंतची उष्णता सोसते. त्याच्या फार पुढे गेलं की अंधारात तिच्यावर लाल डाग दिसू लागतो, एकही सूर न वाजवता. आधी स्विच बंद करायचा, मग शोध. या साऱ्या कामात विचार करायला लावणारी पायरी माझ्या मते हीच. लाल झालेला व्हॉल्व्ह शेजारच्या सॉकेटात बसवायचा आणि शेजारचा त्याच्या जागी. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष व्हॉल्व्हचा. ती सॉकेटलाच चिकटून राहिली, तर तिथे कुणालाही बसवा, तो लालच होणार. मग ग्रिडच्या, म्हणजे पाच नंबरच्या पायापर्यंत उणे व्होल्ट पोचतात का, ते मीटरने बघायचं. कधी सॉकेटची पकड सैल झालेली असते, कधी ग्रिडचा रेझिस्टर तुटलेला, कधी बायस सप्लायचा कंडेन्सर सुकलेला. सगळ्यात कपटी तो मागच्या टप्प्यातून येणारा कपलिंग कंडेन्सर. तो झिरपायला लागला की तिकडचे अधिक व्होल्ट ग्रिडवर उतरतात आणि सगळं उणे खाऊन टाकतात. अशा अ‍ॅम्पात महागडी नवी जोडी घातली तरी तीही जळते.

आपल्याकडचे प्रवचनकार बहुतेक व्हॉल्व्हच बदलायला सांगतात. माणूस घसरला की ‘याचा संयम कच्चा’ हे निदान तयार. त्या जागी दुसऱ्याला बसवून पाहायची तसदी कोण घेतो? मास्तर इथे प्रारब्ध आणतात. मी म्हणतो, आणा, पण आधी कंडेन्सर मोजू.

(मोजताना मी एक हात खिशात ठेवतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतके व्होल्ट उरलेले असू शकतात. तत्त्वज्ञान त्यानंतर.)

आकडा काढणं सोपं आहे. कॅथोडखाली १ ओहमचा रेझिस्टर बसवला की १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. २५ वॅटचे ७० टक्के म्हणजे साडेसतरा, त्याला प्लेटच्या ४५० व्होल्टनी भागलं की साधारण ३९ मिलिअँपिअर. लोक तिथे बायसचा स्क्रू आणून कृतार्थ होतात. माझ्या लेखी ती वरची मर्यादा आहे, मुक्काम नव्हे. मी बराच खाली थांबतो, वाजवून ऐकतो, अ‍ॅम्प चांगला तापू देतो आणि पुन्हा मोजतो. रात्री लाइनचं व्होल्टेज चढलं की प्लेटही चढते आणि दुपारचा आकडा खोटा ठरतो. शिवाय एकाच खोक्यातले दोन व्हॉल्व्ह, ग्रिडला तेच उणे, तरी एक ३१ मिलिअँपिअर खेचतो आणि दुसरा ४२. नेम एकच दिला म्हणून निग्रह एकसारखा होत नाही.

मास्तर यावर बुद्धाची वीणा काढतात. सोण नावाचा भिक्खू पायांतून रक्त येईपर्यंत चालत साधना करायचा. त्याला बुद्धाने विचारलं, तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा नीट वाजते का? मास्तरांना यात मधोमधचा मार्ग दिसतो. मला वेगळंच दिसतं. सोण घरी असताना स्वतः वीणा वाजवायचा, म्हणून तर त्याला तसं विचारलं. उत्तर त्याच्या कानात आधीच होतं. मध्य हा पट्टीवरचा बिंदू असता, तर वीणा न वाजवणाऱ्यालाही तो दाखवता आला असता.

व्हॉक्सच्या एसी३० मध्ये बायसचा स्क्रूच नसतो. कॅथोडखाली एक रेझिस्टर असतो. प्रवाह वाढला की त्याच्यावरचे व्होल्ट वाढतात, कॅथोड वर चढतो आणि त्याच्या मानाने ग्रिड आपोआप अधिक उणे होते. जेवढं वाहतं तेवढंच आवरलं जातं. मी मास्तरांना म्हटलं, "घ्या, बाहेरचा नेम नसलेला आत्मसंयम." ते म्हणाले, "पण रेझिस्टर किती ओहमचा, हे त्या व्हॉल्व्हने ठरवलं का?"

मुद्दा बिनतोड आहे. त्यात पंचाईत अशी की एसी३० मधले ईएल८४ मुळातच त्यांच्या १२ वॅटच्या मर्यादेला खेटून, कधी ती ओलांडूनही चालतात. लवकर संपतात, आणि लोक त्याच आवाजासाठी तो अ‍ॅम्प घेतात. मास्तरांच्या मते हा सरळ असंयम. मला तसं म्हणवत नाही. किंमत ठाऊक असून ती भरणारा माणूस असंयमी कसा? एसी३० वाले बहुतेक पुढच्या खेपेचे चार व्हॉल्व्ह पिशवीत घेऊनच माझ्याकडे येतात.