शिल्लक कोणाची?

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन जानेवारींत मी अमेरिकेंत मुलीकडे जात होतों. दुसऱ्या दिवशीं नातीचा पहिला वाढदिवस होता. सामानांत तिच्यासाठीं शिवलेलें परकर-पोलकें आणि घरून मुद्दाम नेलेले बेसनाचे लाडू होते. शेवटच्या टप्प्याचें विमान गांवाच्या डोक्यावर पाऊण तास घिरट्या घालून, धांवपट्टीवर बर्फ आहे या कारणास्तव, दोनशें मैलांवरच्या दुसऱ्याच विमानतळावर जाऊन उतरलें. पुढचे सोळा तास आम्ही तेथें काढले. उतारूंमध्यें जी कुरकुर झाली तिच्यांत मीहि सामील होतों. आमच्या आधीं दोन विमानें सुखरूप उतरलीं, मग यालाच काय झालें होतें, असें कोणीसें म्हणालें व तें मला पटलें. बाहेर पडतांना वैमानिक दाराशीं उभा होता. त्याच्याकडे न पाहतां मी पुढें गेलों.

प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु ज्या युक्तिवादाच्या बळावर मी त्या दिवशीं रागावलों, तो किती फसवा होता हें मला पुढें एका अपघाताची हकीकत वाचतांना कळलें. आणि तेव्हांपासून नीतिशास्त्रांतला एक जुना प्रश्न मला निराळ्याच रूपानें छळूं लागला आहे.

तो अपघात शिकागो शहरांतला. तेथील मिडवे विमानतळ १९२७ सालचा. चौरस मैलभर जागेंत बसविलेला, आणि शहर वाढत वाढत चारी बाजूंनीं त्याच्या कुंपणाला येऊन भिडलेलें. ८ डिसेंबर २००५ रोजीं संध्याकाळीं सातनंतर, बर्फ पडत असतां, साउथवेस्ट कंपनीचें बोइंग ७३७ जातीचें एक विमान तेथें उतरलें. आंत १०३ माणसें होतीं. पट्टी संपली तरी विमान थांबलें नाहीं. सुमारें पन्नास नॉटांचा वेग शिल्लक असतां तें कुंपण मोडून रहदारीच्या रस्त्यावर गेलें व एका मोटारीवर आदळलें. विमानांतलें कोणी दगावलें नाहीं. मोटारींतला सहा वर्षांचा मुलगा मेला.

विमान भुईला टेकतें तेव्हां तें दर सेकंदास दोनशें फुटांहून अधिक अंतर कापीत असतें. हा वेग मारण्याचीं मुख्य साधनें तीन: चाकांचे ब्रेक, पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या, आणि इंजिनाचा झोत पुढच्या अंगाला वळविण्याची योजना. फळ्या पंखांची उचल नाहींशी करून सारा भार चाकांवर टाकतात. पण चाकांखालीं बर्फच असेल तर ब्रेकनें धरावयाचें कशाला? त्यांतहि कडक थंडींतला कोरडा बर्फ एक वेळ परवडला. वितळण्याच्या बेतांत आलेला, वर पाण्याचा पातळ पापुद्रा धरलेला बर्फ फार वाईट. उलट्या झोताला मात्र जमिनीच्या घर्षणाची गरज नसते. वेग जितका अधिक तितका तो अधिक उपयोगी, म्हणून टेकल्याबरोबर तो सोडावा लागतो. मिडवेच्या त्या रात्रीं तो पुरतेपणीं लागू होण्यास सुमारें अठरा सेकंद गेले. स्वयंचलित ब्रेकची पद्धति कंपनीनें नुकतीच आणली होती व प्रत्यक्ष उड्डाणांत ते वैमानिक ती प्रथमच वापरीत होते. त्या नवलाईंत त्यांचें लक्ष गुंतलें, असा चौकशी-मंडळाचा निष्कर्ष आहे. झोत वेळेवर सोडून तो शेवटपर्यंत टिकविला असता तर विमान पट्टीवरच थांबतें, असेंहि मंडळानें म्हटलें.

एवढेंच असतें तर ती हातून घडलेल्या चुकीची गोष्ट झाली असती, आणि चुकणारा हात कोणाचा नसतो? मला उतरण्यापूर्वींचा भाग अधिक विचार करावयास लावतो. ब्रेक कितपत धरतात याविषयीं आलेले अभिप्राय एकमेकांशीं जुळत नव्हते. कोणी 'साधारण' म्हणे, कोणी 'वाईट'. पट्टीचा उतरण्याजोगा भाग ५,८२६ फूट. पाठीमागून आठ नॉटांचा वारा. उलट दिशेनें उतरावें तर त्या बाजूनें येण्यास लागणारी दृश्यता नव्हती. वैमानिकांपाशीं हिशेब करणारें यंत्र होतें. 'साधारण' स्थिति धरून त्यानें थांबल्यावर ५६० फूट पट्टी शिल्लक दाखविली. 'वाईट' धरून जी शिल्लक दाखविली ती पन्नास फुटांहूनहि कमी, म्हणजे खुद्द विमानाच्या लांबीच्या निम्मी सुद्धां नव्हे. आणि तीहि खरी नव्हती. 'वाईट' स्थितींत पाठवारा पांच नॉटांहून अधिक असतां उतरूं नये असा दंडक असल्यामुळें, यंत्र आठाच्या जागीं पांच धरून उत्तर देत होतें. विचारलें एक, उत्तर दिलें दुसऱ्याचें, आणि उत्तरावर तशी खूण नाहीं! एखाद्या कारकुनानें असा हिशेब पुढें केला असता तर आपण त्याला लबाड म्हटलें असतें. यंत्राला आपण निर्मळ समजतों. अभिप्राय भिन्न आल्यास त्यांतला वाईट तोच खरा मानावा, असा कंपनीचा नियम होता. तो त्या रात्रीं अमलांत आला नाहीं.

आतां तो जुना प्रश्न. त्याच रात्रीं, त्याच पट्टीवर, आधींचीं विमानें उतरलींच होतीं. त्यांचे वैमानिक घरीं गेले, जेवले, झोपले; त्यांना कोणी कांहीं विचारलें नाहीं. त्यांनीं पत्करलेला धोका आणि मागून आलेल्यानें पत्करलेला धोका यांत जर फार अंतर नसेल, तर दोष एकाच्याच माथीं कां? कांटच्या मतें सदिच्छेचें मोल तिच्या फळानें वाढत वा घटत नाहीं. आणि निष्काम कर्माचा विचार लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्यासारख्यांस तर हें म्हणणें घरचेंच वाटतें. पण १९७६ सालीं बर्नार्ड विल्यम्स व थॉमस नेगेल या दोघां तत्त्वज्ञांनीं हीच समजूत हलविली. बेफिकिरीनें मोटार हांकणारे दोघे. एकाच्या वाटेंत मूल आलें, दुसऱ्याच्या आलें नाहीं. आपण दोघांना सारखें लेखीत नाहीं, आणि लेखूंहि शकत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. तर्क एकीकडे ओढतो, काळीज दुसरीकडे.

मला वाटतें, फळाकडे न पाहतां कर्म तोलावयाचें असेल तर तें दोन्ही बाजूंनीं तोललें पाहिजे. अपघात झाला नाहीं म्हणून कर्म शुद्ध ठरलें असें म्हणणें हीसुद्धां फलासक्तीच आहे, व ती आपल्यांत फार खोल रुजलेली आहे. 'आधींचे उतरले ना?' हा माझा त्या दिवशींचा प्रश्न तिच्यांतूनच निघाला होता. आधींच्याचें सुखरूप उतरणें ही साक्ष किती दुबळी असते हें न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ५ मार्च २०१५ रोजीं दिसलें. पुढच्या दोन विमानांनीं ब्रेक 'चांगले' लागतात म्हणून कळविलें होतें; मागून आलेलें डेल्टा कंपनीचें विमान घसरून बांधावर चढलें आणि त्याचें नाक फ्लशिंग उपसागराच्या पाण्यावर लोंबकळत राहिलें. गंमत अशी कीं, येथें झोत उशिरां सोडण्यानें घात केला नाहीं; तो प्रमाणाबाहेर सोडल्यानें शेपटीच्या सुकाणूपाशीं हवा पोंचेना व विमान सरळ राहीना. सुदैवानें कोणी मेलें नाहीं.

परंतु मिडवेच्या प्रकरणांतली खरी बोच निराळी आहे. विमानांतल्या माणसांनीं तिकीट काढलें होतें; त्यांना घरीं पोंचण्याची घाई होती; धोक्याच्या मोबदल्यांत त्यांना कांहीं मिळणार होतें. रस्त्यावरच्या मुलाला काय मिळणार होतें? उतरण्याचा निर्णय झाला त्या खोलींत त्याच्या बाजूनें बोलणारें एकच होतें, आणि तें म्हणजे शिल्लक राहणारी पट्टी. ती आपण वैमानिकाची सवलत समजतों, कंपनी ती वेळापत्रकाची समजते. मला ती परक्याची ठेव वाटते. तिच्यांतून उचल करतांना त्याची संमति कोणीच घेत नाहीं, कारण तो कोण हें आधीं ठाऊकच नसतें.

यावर एक आक्षेप येईल, व तो खोटा नाहीं. असें म्हणूं लागलों तर हिवाळाभर विमानें उडावयाचींच नाहींत. माघार घेऊन दुसरीकडे जाणें हेंहि निर्धोक नसतें. इंधन सरत असतें, तेथेंहि बर्फ असूं शकतो, आणि अडकलेल्या उताऱ्यांत कोणी आजारी असतो, कोणी मर्तिकाला निघालेला असतो. शून्य धोका ही वल्गना आहे. म्हणूनच किती शिल्लक ठेवावी हें त्या क्षणाच्या धीरावर न सोडतां आधींच आंकड्यांत बांधून ठेवणें मला अधिक नीतीचें वाटतें. या अपघातानंतर, २००६ सालीं, अमेरिकेच्या विमान-खात्यानें हिशेबाच्या अंतरावर निदान १५ टक्के अधिक पट्टी धरावी असा सल्ला दिला. २०१६ पासून तेथें, व नोव्हेंबर २०२१ पासून जगभर, पट्टीची स्थिति ० ते ६ अशा अंकांनीं सांगण्याची रीत पडली; कोणाचें 'साधारण' किती साधारण, हा घोळ तेवढा कमी झाला. मिडवेच्या पट्ट्यांच्या टोकांस आतां ठिसूळ पदार्थाचे थर आहेत. विमान त्यांत रुततें. आपल्याकडे बर्फाच्या जागीं पाणी आहे इतकेंच. ७ ऑगस्ट २०२० रोजीं कोळिकोड येथें भर पावसांत, पाठवाऱ्यांत उतरलेलें विमान टेकडीवरच्या पट्टीपलीकडे कोसळून २१ माणसें गेलीं.

तरीहि मिडवेला त्या संध्याकाळीं आधीं उतरलेल्या वैमानिकांचा विचार माझ्या मनांतून जात नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं वर्तमानपत्र उघडलें असेल. ज्यानें 'साधारण' असें कळविलें होतें, त्यानें आपला तो शब्द मनांत पुन्हां एकदां उच्चारून पाहिला असेल काय?