एका बोटाची ओळख

जुन्या सोल संगीताच्या एलपी जमवणारे पुष्कळ जण निवडक गाण्यांच्या संग्रहांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. गाजलेली गाणी एकत्र बांधून कंपनीनं विकायला काढलेला माल, एवढीच त्यांची किंमत. मी मात्र तेच हौसेनं शोधतो. त्यातल्या एकावर माझा फार जीव आहे : १९६९ साली ब्रिटनमध्ये निघालेला ‘मोटाउन चार्टबस्टर्स’चा तिसरा भाग.

कव्हर चंदेरी, आरशासारखं. माझ्या प्रतीवर आतल्या तबकडीच्या कडेचा गोल उमटलाय, कोपरे घासून पांढरे पडलेत आणि कितीही पुसलं तरी बोटांचे ठसे उरतातच. एकूण १६ गाणी, एका बाजूला ८. एवढी बसवायची तर खाचा दाटीवाटीनं कोराव्या लागतात, मग आवाज जरा दबतो. आवाजाचं बटण थोडं पुढं सरकवायचं, की झालं.

सुरुवात मार्विन गेची, शेवट स्मोकी रॉबिन्सनच्या मिरॅकल्सचा. मध्ये स्टीवी वंडर, मार्था रीव्ह्ज, फोर टॉप्स. एकाच गायकाची एलपी ऐकताना कान त्याच्या गळ्यात गुंततो. इथं दर तीन मिनिटांनी गळा बदलतो, आणि मग हळूहळू खालून चालणारा बेस ओळखीचा वाटू लागतो. अरे, मघाच्या गाण्यात होता तोच हा माणूस!

डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एका साध्या घरात मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. तीच वादकमंडळी आज याच्या, उद्या त्याच्या गाण्याला वाजवत. जेम्स जेमरसन हे त्यांतले बेसवादक. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं तारा छेडायचे. या चंदेरी कव्हरवर त्यांचं नाव शोधून सापडत नाही. मोटाउननं आपल्या वादकांची नावं एलपीवर छापली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. मुंबईच्या सिनेमासंगीतात उभं आयुष्य घालवलेल्या गोव्याच्या वादकांच्या वाट्यालाही हेच आलं. ज्यांच्या व्हायोलिननं आणि ट्रम्पेटनं आपलं बालपण भरून टाकलं, त्यांची नावं आपल्याला कुठल्या तबकडीवर वाचायला मिळाली? मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरी बाजू लावली की पहिलंच गाणं स्टीवी वंडरचं, ‘फॉर वन्स इन माय लाइफ’. गाणारा आनंदानं फुलून आलेला, आणि त्याच्याखाली जेमरसन यांचा बेस. जणू दुसरं एक गाणंच, थांबायला तयार नसलेलं. मी बहुतेक वेळा तेवढंच ऐकतो आणि सुई उचलून पुन्हा कडेला ठेवतो.

आतल्या पांढऱ्या पाकिटावर मी पेन्सिलीनं नावं लिहून ठेवली आहेत. बेस, जेम्स जेमरसन. पियानो, अर्ल व्हॅन डाइक. ड्रम, बेनी बेंजामिन. ही एलपी निघाली त्याच वर्षी बेंजामिन गेले.