म्यानातले आणि कमरेतले

गेल्या पावसाळ्यात आमचे एक मामेभाऊ पंचवटीतून गोदावरीचा पूल ओलांडून जुन्या नाशकात आमच्या घरी आले. सलाम झाला, पाणी झाले आणि चहा येण्यापूर्वीच त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक जाड फाईल काढून आमच्या पुढ्यात ठेवली. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. ते आमच्याहून बारा वर्षांनी मोठे आहेत आणि दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात अडतीचे काम करतात. फाईल शस्त्र परवान्याची होती. अर्ज अर्धवट भरलेला होता. "मास्टर, एवढं पुरं करून दे," ते म्हणाले, "आणि एक सांग. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गालिब विचारा, गणित विचारा, बी.एड.ला शिकलेले बालमानसशास्त्र विचारा. आयुष्यात कोणी आम्हाला हा प्रश्न विचारील असे वाटले नव्हते. पण खानदानात एखादा मास्तर असला की सगळे सरकारी फॉर्म त्याच्याकडे येतात, तसा हाही आला.

भाईजानची हकीकत अशी. दोन हिवाळ्यांपूर्वी रात्री हिशेब उरकून ते मोटारसायकलवर घरी निघाले होते. खांद्याला पैशांची बॅग होती आणि त्यातली निम्मी रक्कम शेतकऱ्यांची होती. सकाळी त्यांची पट्टी रोख चुकती करायची होती. मागून दोघे गाडीवर आले, बॅग ओढली, भाईजान रस्त्यावर फेकले गेले, गळपट्टीचे हाड मोडले. शेतकऱ्यांचे पैसे त्यांनी भाभीचे दागिने गहाण ठेवून दिले, कोणालाही एक दिवस थांबवले नाही. "पैसे गेले त्याचं काही नाही," ते आम्हाला म्हणाले, "पण तेव्हापासून मागून गाडीचा आवाज आला की मान आपोआप वळते. नमाजात उभा असलो तरी वळते."

हे शेवटचे वाक्य ऐकून आम्ही अर्ज भरायला घेतला.

अर्ज भरताना कायदाही वाचावा लागला. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी होती, युरोपियनांना मात्र सूट होती. ती अपमानाची जखम इतकी खोल होती की १९३१च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामथ यांनी तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती मंजूर झाली नाही. याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी आमच्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. मार खाणाऱ्यांना संरक्षणाची गरज काय असते हे या माणसाला कोणी शिकवायची आवश्यकता नव्हती. तरीही हत्यार हा प्रत्येकाचा हक्क असावा असे त्यांना वाटले नाही. आम्हाला ही गोष्ट फार दिवस विचार करायला लावते.

आज १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६ची नियमावली लागू आहे. परवाना मागणाऱ्याने कारण द्यायचे, पोलीस चौकशी व्हायची, शरीर व मन धडधाकट असल्याचे डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडायचे, घरात हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी द्यायची. निवडणूक आली की हत्यार सहसा ठाण्यात जमा करावे लागते. सार्वजनिक जागी न्यायचे तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. लग्नात हवेत बार काढणे हा गुन्हा. स्वसंरक्षणाचा हक्क कायदा मानतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही ही अट दोन्हीकडे तीच. पेठ रोडवर रात्री अकरा वाजता रस्त्यावर पडलेल्या माणसाने हे माप कोणत्या तराजूत करायचे, ते कलमात लिहिलेले नाही.

मग खरेदीचा प्रश्न. सामान्य नागरिकाला नऊ एमएमचे पिस्तूल मिळत नाही. ते निषिद्ध बोअर. राहते पॉइंट ३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर आहे, पिस्तूलही आहे. २०१४च्या जानेवारीत याच कारखान्याने 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून आणले होते. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. दिल्लीच्या घटनेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. रोज बसने शाळेत येणाऱ्या आमच्या सहकारी बाजींना सव्वा लाखाची निर्भयता परवडणार होती का, हे कारखान्याला कोणी विचारले होते की नाही देव जाणे.

भाईजानबरोबर आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो. माणूस सभ्य होता. त्याने समजावले ते असे: रिव्हॉल्व्हर साधे, एक गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढा, पुढची गोळी समोर येते, पण त्याचे गोल चक्र कमरेला फुगते, सदऱ्याखाली दिसते. पिस्तूल चपटे, अंगाला चिकटून बसते, गोळ्या मुठीतल्या मॅगझीनमध्ये. पण त्याला सराव हवा, घाबरलेला माणूस त्यात गोंधळतो. शेवटी त्याने चपट्याचीच शिफारस केली. म्हणाला, "साहेब, दोन दिवसांत विसरून जाल की कमरेला काही आहे."

आम्ही त्या वाक्याशी अडलो. घरी येऊनही ते डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात शाळेत एक प्रसंग घडला. नववीच्या एका मुलाच्या दप्तरात सुरा सापडला. कागदात गुंडाळलेला, वहीच्या मागे. आम्ही त्याला स्टाफरूममध्ये घेतले. आधी तो बोलेना, मग रडत म्हणाला, "सर, मारायला नाही आणला. जवळ असावा म्हणून. घरी जाताना ती पोरं रस्ता अडवतात." बाप आला, सुरा पाहून खाली बसला. बकरी ईदला कुर्बानीसाठी काढतात तोच होता. आम्ही सुरा जप्त केला, मुलाला समज दिली, बापाला समज दिली, त्या वाटेवर आठ दिवस शिपायाला उभे केले. संध्याकाळी घरी येऊन भाईजानच्या फाईलमध्ये 'परवाना मागण्याचे कारण' या रकान्यात लिहिले: स्वसंरक्षण.

लेखणी हातात असतानाच लक्षात आले, दोघांचे कारण अक्षरशः एकच आहे. जवळ असावा म्हणून. आम्ही म्हणू, एक चौदा वर्षांचा आहे, दुसरा अठ्ठेचाळीसचा. एकाकडे परवाना नाही, दुसऱ्याची चौकशी होणार आहे. हे फरक खरे आहेत, आम्ही ते कमी लेखत नाही. पण भीती दोघांची तितकीच खरी होती. आणि मुलाच्या वाटेवर आम्ही शिपाई उभा केला, भाईजानच्या वाटेवर कोणी केला? हा प्रश्न टाळून त्यांना सबुरीचा उपदेश करणे आम्हाला निर्लज्जपणाचे वाटते.

पंचवटीत राहणाऱ्याला रामायण टाळता येत नाही. रिक्षावालाही सीतागुंफेजवळ सोडू का म्हणून विचारतो. वाल्मीकींच्या अरण्यकांडात, राम पंचवटीला पोहोचण्याच्या आधी, सीता त्याला एक गोष्ट सांगते. एका तपस्व्याकडे इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि आपली तलवार ठेव म्हणून ठेवून गेला. तपस्वी प्रामाणिक. ठेव हरवू नये म्हणून तो फळे-मुळे आणायला जातानाही ती बरोबर नेऊ लागला. रोज बाळगता बाळगता त्याचे मन हळूहळू तपातून सुटले, क्रौर्याकडे वळले आणि शेवटी तो नरकात गेला. आम्हाला यातली बारीक गोष्ट अशी वाटते की त्याची सुरुवात वाईट हेतूने झालीच नाही. तो अमानत सांभाळत होता. शेतकऱ्यांची अमानत सांभाळणाऱ्या भाईजानना आम्ही ही गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, "त्या साधूला कोणी लुटलं नव्हतं ना पण?"

उत्तर बिनतोड होते. खुद्द रामानेही सीतेचे ऐकले नाही. ऋषींना रक्षणाचा शब्द दिला आहे, असे त्याचे म्हणणे पडले.

भाईजाननी आमच्यावर हदीसही टाकली: आपल्या मालाचे रक्षण करताना मारला गेलेला शहीद आहे. खरे आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्याच ग्रंथांत हेही आहे की मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचे टोक मुठीत धरावे, कोणाला ओरखडा येऊ नये. आणि भावाकडे हत्यार रोखू नये, न जाणो सैतान हात निसटवील. पहिली हदीस मरणाऱ्याबद्दल आहे, दुसऱ्या दोन बाळगणाऱ्याबद्दल. भाईजान अजून बाळगणारे होते. त्यांना त्या जास्त लागू होत्या, असे आम्ही म्हटले. ते त्यांना पटले की नाही सांगता येत नाही.

हुदैबियाच्या तहाची एक अट या निमित्ताने आम्ही पुन्हा वाचली. हिजरी ६मध्ये ठरले की मुसलमानांनी पुढच्या वर्षी मक्केत यावे, तीन दिवस राहावे आणि तलवारी म्यानात असाव्यात. शत्रूच्या शहरात पूर्ण निःशस्त्र जा, असे सांगितले नाही. पण म्यान सर्वांना दिसत होती. कोणाकडे काय आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. विश्वासाचा करार त्या दिसण्यावर उभा होता. आजचा नियम उलट आहे: हत्यार पूर्ण झाकलेले हवे. त्याचे कारण आम्हाला समजते. भाजीबाजारात प्रत्येकाच्या कमरेला उघडे रिव्हॉल्व्हर दिसू लागले तर बाजार उरणार नाही. पण झाकलेल्या हत्याराने एक नवा माणूस तयार होतो, ज्याला समोरच्याबद्दल ते ठाऊक असते जे समोरच्याला त्याच्याबद्दल ठाऊक नसते. ईदच्या दिवशी तो गळाभेट घेईल तेव्हा तीनपैकी एका खेपेला तरी समोरच्याच्या हाताला काहीतरी कठीण लागेल. भाव ठरवताना आवाज चढला तर त्याचा हात कुठे जाईल? कदाचित कुठेच जाणार नाही. पण हात कुठे जाऊ शकतो हे त्याला माहीत असेल, आणि तेवढ्याने बोलण्याचा सूर बदलतो.

नाशिकच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध लपवलेले पिस्तूल म्हणजे २१ डिसेंबर १९०९च्या रात्री विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांच्याजवळ असलेले. त्याने कलेक्टर जॅक्सनचा अंत झाला आणि कान्हेरे, कर्वे, देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आज कान्हेरे यांच्या नावाच्या मैदानावर आमच्या शाळेची पोरे क्रिकेट खेळतात. त्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी होती. ते स्वतःच्या रक्षणासाठी नव्हते आणि बाळगणाऱ्याने आपला जीव आधीच सोडलेला होता. भाईजानना जगायचे आहे, दुकान चालवायचे आहे, मुलीचे लग्न करायचे आहे. जगू इच्छिणाऱ्या माणसाला हत्यार जास्त अवघड जाते.

तिकडे अमेरिकेत जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला, आणि आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत त्यासाठी परवानाही लागत नाही. तिथे माणसे बूट निवडावे तसे कमरेचे पिस्तूल निवडतात: कोणते हलके, कोणते बसताना टोचत नाही. आमच्या विक्रेत्याचे वाक्य त्याच मुलखातले.

एक गोष्ट आम्ही दबकतच भाईजानपुढे काढली. रात्री नाकाबंदीत पोलिसाने थांबवले आणि आमच्यासारख्या नावाच्या माणसाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर निघाले, तर परवाना दाखवेपर्यंतची दोन मिनिटे कशी जातील? भाईजान एकदम तापले. "म्हणजे चोराचीही भीती आम्हीच बाळगायची आणि पोलिसाचीही आम्हीच?" आम्ही गप्प बसलो. भीतीपोटी हक्क सोडा असे सांगणे नीतीत बसत नाही. आणि धोका दिसत असताना न सांगणे भाऊपणात बसत नाही. दोन्ही वाक्ये आम्ही त्यांच्यापुढे अशीच ठेवली. ते थोड्या वेळाने शांत झाले, चहा मागितला.

नमाजाचा प्रश्न त्यांनी स्वतःच काढला. वजू करताना ते कुठे ठेवायचे? सजद्यात गेले की पोटाला रुतेल. काढून शेजारी ठेवावे तर जुम्म्याला सफांमधून पोरे धावतात. सूरह निसामध्ये हत्यारांसह नमाजाचा उल्लेख आहे, पण ती लढाईच्या मैदानातली नमाज, आणि तिथेही पाऊस किंवा आजार असेल तर हत्यार खाली ठेवायची सवलत आहे. "आपण लढाईत आहोत का, मास्टर?" त्यांनी विचारले. यावेळी आवाजात ताप नव्हता.

आम्ही अर्ज पूर्ण केला. एकही ओळ खोटी लिहिली नाही, एकही खरी ओळ गाळली नाही. आणि त्यांच्या मूळ प्रश्नाला उत्तरही दिले: घ्यायचेच असेल तर जाड, वजनदार रिव्हॉल्व्हर घ्या. टोचेल ते घ्या. बसताना, उठताना, रुकूत वाकताना ज्याची आठवण होईल ते. दोन दिवसांत विसराल असे मुळीच घेऊ नका. भाईजाननी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही त्यांना घट्ट बूट विकत होतो.

परवाना अजून आलेला नाही. दरम्यान यार्डातल्या चार अडत्यांनी मिळून रात्री एकत्र निघायचे ठरवले आहे. तीन मोटारसायकली पुढे-मागे, बॅग मधल्या गाडीवर. त्यात दोघे मराठे, एक माळी आणि भाईजान. हे परवान्यापेक्षा बरे की नुसते परवाना येईपर्यंतचे, हे त्यांनी आम्हाला सांगितलेले नाही, आम्हीही विचारलेले नाही. त्या मुलाचा सुरा आमच्या कपाटात वरच्या खणात आहे. बापाने बकरी ईदच्या आधी तो परत मागितला आहे, आणि तो कोणाच्या हाती द्यायचा, बापाच्या की मुलाच्या, हे आमचे ठरत नाही.