जमत नाही त्याला मी काय करू?

कंट्रोलर खाली ठेव आणि ऐक. मघापासून दोनदा म्हणालास, 'सर, हॉररमध्ये लढाई अवघडच असते, खेळणाऱ्याला जमत नाही त्याला मी काय करू?' हे वाक्य माझ्या वर्गात पुन्हा ऐकू येता कामा नये. तुझ्या गेममधल्या त्या बोळात मी मेलो, तेव्हा मारणारा कॅमेऱ्याच्या मागे उभा होता. पाऊल वाजलं नाही, श्वास ऐकू आला नाही, पडद्याच्या कडेला सावलीसुद्धा हलली नाही. माझं काय चुकलं, सांग. गप्प का? सांगण्यासारखं काही नाहीच, कारण चूक तुझी आहे.

वर 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल'चा दाखला देतोस. दे, पण डोळे उघडे ठेवून दे. 2008 चा 'डेड स्पेस' घडवणाऱ्यांतल्या ग्लेन स्कोफिल्डनेच 2022 मध्ये तो आणला. गुरूच्या उपग्रहावरचा तुरुंग, अंधार, आवाज, कशातही कसर नाही. वार चुकवायचा तर डावी स्टिक एका बाजूला दाबून धरायची, पुढच्या वाराला उलट्या बाजूला. समोर एकटा असेल तर हे झकास जमतं, प्रत्येक फटका अंगावर येतो. दोघे-तिघे आले की सगळं कोलमडतं. एकाला चुकवावं तर दुसरा पाठीत घालतो, आणि कॅमेरा इतका जवळ की पाठीमागचं दिसतच नाही. त्यात तो दोन डोक्यांचा बॉस. एका फटक्यात खेळ खलास, आणि एकदा मारला तरी पुढे तोच पुन्हा, नंतर आणखी एकदा. दर वेळी नायक जेकबचा चेंदामेंदा होताना बघत बसायचं. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, नंतर माणूस घड्याळ बघतो. तू त्यातलं नेमकं हेच उचललंस.

आता 2005 चा 'रेसिडेंट ईव्हिल 4' आठव. दिग्दर्शक शिंजी मिकामीने सुरुवातीच्याच गावात तुला घेरलं होतं. नेम धरला की नायक लिऑनला जागचं हलता येत नाही, म्हणजे नियम तुझ्या बोळापेक्षाही जाचक. करवतवाला एका घावात मुंडकं उडवतो. तिथेही तू मेलास ना? मग गेमला शिव्या का नाही दिल्यास? कारण करवतीची घरघर आधी कानावर आली होती. घरात शिरून कपाट ढकलून वाट अडवता येत होती, भिंतीला लावलेली शिडी पाडता येत होती, खिडकीतून उडी टाकून पळता येत होतं. डोक्यात गोळी बसली की गावकरी झोकांडतो, तेवढ्यात धावत जाऊन लाथ घालायची. मेल्यावर तुला ठाऊक होतं की कपाटापाशी पोचायला उशीर झाला. म्हणून पुढच्या खेपेला करवत वाजली तेव्हा आणखी घाबरलास.

तुझ्याकडे मेल्यावर काय होतं? चेकपॉइंट जिन्याखाली. पुन्हा जिना, पुन्हा रेडिओवरचं तेच बोलणं, पुन्हा काडतुसं वेचा. बोळाशी पोचेपर्यंत भीती पार उतरलेली असते, उरतो फक्त वैताग.

मला राग कशाचा आहे, तेही ऐक. तुझ्या गेमच्या रिकाम्या वॉर्डात तो पंखा हळूहळू थांबतो आणि मागोमाग सगळा आवाज मरतो, तिथे मी हेडफोन काढला होता. इतकं नेमकं काम करणाऱ्या मुलाने पुढची लढाई अशी अंगावर टाकून द्यावी?

शुक्रवारपर्यंत चेकपॉइंट बोळाच्या तोंडाशी आण. मागून येणाऱ्याला वार करण्याआधी आवाज दे. चौघे शत्रू एकदम अंगावर सोडू नकोस, आणि पळायला एक तरी दार ठेव. मग हा गेम कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी खेळायला बसव आणि मागे उभा राहा. तो मेला की काही सुचवायचं नाही, बटण दाखवायचं नाही. 'का मेलास?' एवढंच विचार आणि तो जे बोलेल ते वहीत लिहून माझ्याकडे घेऊन ये.